एकेचाळीस तास

"उदबत्ती पेटवत न्हाई, नुसती दाखवतो," खुटवडमामा म्हणाले. "हितं स्पिरिट असतं, तेवढं कळतं मला."

खंडेनवमीचा शुक्रवार होता, दुपारचे पावणेचार. मामा आमच्या लॅबचे शिपाई. ते कल्चर रूमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या निर्जंतुक खोलीच्या, मधोमध उभे होते. डोक्याला कागदी टोपी, तोंडाला मास्क, हातांत रबरी मोजे, पायांत निळ्या पिशव्या. या खोलीत शिरणाऱ्याने जे जे चढवायचं ते सगळं त्यांनी चढवलं होतं. फक्त हातात पूजेचं ताट होतं, आणि तेही आत आणण्याआधी त्यांनी अल्कोहोलने पुसून घेतलं होतं. नियमात बोट ठेवायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. माझी अडचण नेमकी तीच होती.

याला आता एकोणीस वर्षं झाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होतो आणि उंदराच्या यकृतातल्या प्रोजेनिटर पेशी वाढवत होतो. 'वाढवत होतो' हे संस्थेच्या वार्षिक अहवालातलं क्रियापद आहे. यकृत हा मोठा चिवट अवयव. अर्ध्याहून जास्त कापून टाकला तरी पुन्हा भरून येतो. जखम फार मोठी असेल तेव्हा या भरून येण्याला ज्या पेशी हातभार लावतात असं म्हणतात, त्या या. आपण पुढे कोण व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. सत्ताविसाव्या वर्षी माझंही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं जमायला हरकत नव्हती. पण जमत नव्हतं. डिशमध्ये घातल्या की तीन-चार दिवस त्या तळाला धरून राहत, मग एकेक करून सुटत आणि वर तरंगायला लागत. बावीस महिन्यांत मी अशा एकशे बारा डिशेस तरंगवल्या होत्या.

येत्या मंगळवारी आढावा समिती बसणार होती. आठवडाभर जगलेली एक तरी डिश त्या दिवशी दाखवता आली नाही, तर फेलोशिप बंद, असं पत्र मला आलं होतं. इस्लामपूरला माझ्या काकांची कीटकनाशकांची एजन्सी होती. पेशी मारण्यातला माझा अनुभव तिथे कामी येईल, असं घरी अधूनमधून बोललं जाई.

आत्ता इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या पेटीत, एकशे तेरा ते एकशे अठरा या डिशेस होत्या. मंगळवारी लावलेल्या, अजून तळाला धरून असलेल्या. आणि मामा इन्क्युबेटरसमोर हळदीचं बोट उगारून उभे होते.

"मामा, दरवर्षी तुम्ही सेंट्रिफ्यूजची पूजा करता, ऑटोक्लेव्हची करता. मी कधी काही म्हणतो का?"

"लेख लिवता."

हे खरं होतं. मी त्या काळी विज्ञाननिष्ठ होतो. 'यंत्रांना कुंकू कशाला?' असा माझा लेख एका मासिकात आला होता आणि त्याची एक प्रत मी मामांच्या टेबलावर ठेवली होती. ते तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत.

"लेखाचं सोडा. या खोलीत आजवर कधी पूजा झाली नाही, मग आजच का? झेंडूच्या एका फुलावर बुरशीचे किती कण असतात माहितीय?"

"फूल दाराच्या भायेर बांधणार. पेशी आत हायेत."

मामांनी आधी कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला कुंकू लावलं, कारण तो थोरला. मग इन्क्युबेटरला हळद-कुंकू, अक्षता, मुठीला झेंडूचं फूल. न पेटवलेली उदबत्ती तीनदा ओवाळली. हात जोडले. मग इन्क्युबेटरच्या दाराला जी इवलीशी किल्ली लटकलेली असे, जी बावीस महिन्यांत कुणी वापरलेली मी पाहिली नव्हती, ती त्यांनी फिरवली आणि खिशात टाकली.

"हे काय?"

"पूजा झाली. आता उत्तरपूजा हुईस्तोवर हत्यार उचलायचं न्हाई."

"हे हत्यार नाही, मामा. इन्क्युबेटर आहे."

"ज्याच्यावर पोट ते हत्यार. माझं बी आन तुमचं बी."

"मला पाच वाजता पेशी बघायच्यात. उद्या सकाळी मीडियम बदलायचंय."

मीडियम म्हणजे पेशी ज्यात राहतात आणि ज्यावर जगतात ते लालसर पाणी.

"आज सकाळी बदललं की."

"रोज बदलावं लागतं."

"म्याडम तर म्हणत्यात, तीन दिसांनी." म्याडम म्हणजे माझ्या गाइड, केळुसकर.

"मॅडमच्या वेळच्या पेशी वेगळ्या होत्या," मी म्हणालो. उंदीर त्याच जातीचा होता, पण वादात एवढं चालतं. "उत्तरपूजा कधी करणार तुम्ही?"

"उद्या दसरा. गावी सोनं वाटतो आन दुपारच्या गाडीनं परत. चार वाजता दार उघडून देतो."

"चोवीस तास? चोवीस तास त्यांच्याकडे कुणी बघायचं?"

"द्येव हाय की."

"देवाला तापमान कळतं का?"

"सदतीस," मामा म्हणाले. "भायेरच लिवलंय."

मग त्यांनी मला खोलीबाहेर काढलं, खोलीलाही कुलूप घातलं, आणि चार वाजता ते भोरच्या गाडीसाठी निघाले. खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असे, दुसरी केळुसकर मॅडमकडे. तिसरी माझ्याकडे असायची. पण ती मॅडमनी गुरुवारीच मागून घेतली होती. दात झिजलेत, नवी करून आणते, म्हणाल्या. माझ्या किल्लीचे दात झिजलेले मला दिसले नव्हते, पण बाईंची नजर माझ्यापेक्षा तयार होती.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता मी कल्चर रूमच्या दाराबाहेर होतो. दाराला वीतभर काच होती. तिच्यातून इन्क्युबेटरचे हिरवे आकडे दिसत. तापमान सदतीस, कार्बन डायऑक्साइड पाच. एकदा तापमान छत्तीस पूर्णांक नऊ झालं. मी उभा राहिलो. पुन्हा सदतीस झालं, बसलो.

मॅडमना फोन लावला. त्या दसऱ्याला वेंगुर्ल्याला जाणार होत्या.

"मॅडम, खुटवडमामांनी इन्क्युबेटरला कुलूप घातलंय."

"का?"

"खंडेनवमी."

"मग बरोबर आहे."

"मॅडम, तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

"आहे ना. पण किल्ली त्यांच्याकडे आहे."

"खोलीची तुमच्याकडे पण आहे."

"मी वेंगुर्ल्यात आहे, सौमित्र. जेवलास का? दसरा आहे, काहीतरी गोड खा."

फोनमधून भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. वेंगुर्ल्याचे भंगारवाले थेट पुण्यासारखेच ओरडतात, एवढंच तेव्हा मनात आलं.

अकराच्या सुमारास फरीदा मुल्ला आली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर, मिरजेची. यीस्टवर काम करायची. तिचं यीस्ट कशातही वाढायचं, त्यामुळे तिच्या स्वभावात एक प्रकारची श्रीमंती होती. मला दाराशी बसलेलं बघून ती थांबली.

"दादा, तुम्ही पेशंटचे कोण?"

"फरीदा, गंमत नको. आत सहा डिशेस आहेत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने काचेतून आत पाहिलं.

"फूल छान दिसतंय. सदतीस आहे, पाच आहे. मग तुम्हाला आत जाऊन करायचंय काय?"

"बघायचंय."

"बघून?"

मी वॉचमनकडून स्क्रूड्रायव्हर आणला. दाराच्या बिजागऱ्या काढता येतील, आतल्या इवल्याशा कुलपाचं पुढचं पुढे, असं माझं म्हणणं होतं.

"काढा की," फरीदा म्हणाली. "दाराच्या चौकटीवर नऊ वर्षांची धूळ आहे, ती सगळी आत जाईल. मग मंगळवारी समितीला बुरशी दाखवा. बुरशी आठवडाभर नक्की जगते."

स्क्रूड्रायव्हर परत दिला.

चार वाजले. मामा आले नाहीत. सव्वाचारला त्यांचा मोबाइल लावला. तो गावात लागत नसे. सहाला संस्थेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. सात वाजता फरीदा घरी जाताना म्हणाली, "दादा, जा आता. भेटायची वेळ संपली." मी गेलो. त्या रात्री मी इस्लामपूरला काकांना फोन केला आणि सहज म्हणून विचारलं, सध्या बोंडअळीवर कुठलं औषध चालतंय. काकांना फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी नऊला मामा आले. नवी पांढरी टोपी, कपाळाला गंध. त्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घ्या, सर."

"मामा, काल चार म्हणाला होतात."

"हां. झालं थोडं." काय झालं ते मी विचारलं नाही, कारण मला दार हवं होतं. त्यांनी पुन्हा टोपी, मास्क, मोजे, पिशव्या असा सगळा साज चढवला. इन्क्युबेटरवर दोन अक्षता टाकल्या, फूल उत्तरेला सरकवलं आणि किल्ली फिरवली.

पहिल्यांदा दिसला तो रंग. मीडियमचा लाल रंग नारिंगी झाला होता, मधे मधे पिवळसर. पेशी जगत-वाढत असल्या की ते पिवळं पडत जातं, असं पुस्तकात असतं. मी ते पुस्तकातच पाहिलं होतं. एकशे तेरा नंबरची डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. तळावर दाट, गच्च बेटं होती. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, गोल, चकचकीत कडांच्या पेशी. कडेला नव्या फुटत होत्या. एकही तरंगत नव्हती.

फरीदा सुट्टी असूनही आली होती. निकाल बघायला, म्हणाली. तिने डोळा लावला आणि हलक्या आवाजात, नातेवाइकांना सांगतात तसं सांगितलं, "दादा, या जिवंत आहेत."

मंगळवारी समितीने त्या बघितल्या. फेलोशिप राहिली. इस्लामपूरला काका थोडे दुखावले.

पुढच्या दोन वर्षांत माझ्या हातून एकही डिश तरंगली नाही. शुक्रवारी दुपारी चारला इन्क्युबेटरला कुलूप, किल्ली मामांकडे, रविवारी सकाळी नऊला उघडायचं. मधे एकेचाळीस तास. मी कारणही शोधून काढलं: या पेशी स्वतःच काही द्रव्यं मीडियममध्ये सोडतात आणि त्यांवरच वाढतात, ती साठायला एकेचाळीस तास लागतात. हे मी इतक्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं की दोन शोधनिबंध छापून आले. पूजाबिजा काही नाही. विज्ञाननिष्ठ होतो मी. फक्त वेळ बदलली नाही. एका शुक्रवारी बँकेच्या रांगेत अडकलो आणि कुलूप लागायला चार वाजून दहा मिनिटं झाली. त्या डिशेस मी न बघताच टाकून दिल्या.

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक नागपूरचे डॉ. बोकारे. माणूस किडकिडीत, आवाज मऊ. त्यांनी माझा प्रबंध शेवटून सुरुवातीपर्यंत वाचला होता, त्यामुळे मी कुठे पोचणार आहे हे माहीत असूनच ते प्रश्न विचारत होते. सव्वा तास इंग्रजीत सगळं उत्तम चाललं. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते मराठीत आले.

"गाडेकर, हे एकेचाळीस तास कुठून आले?"

मी द्रव्यांचं सांगितलं. साठण्याचं सांगितलं.

"ते वाचलं मी. साठलेली द्रव्यं मोजली?"

"नाही, सर."

"चाळीस तास करून पाहिले?"

"नाही."

"बेचाळीस?"

"नाही."

"छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ?"

"नाही, सर."

"काहून?"

मी केळुसकर मॅडमकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"एकेचाळीसला जमत होतं, सर."

"आणि दरवेळी शुक्रवारीच चारला सुरू?"

"हो."

"मंग हा प्रयोग करून राहिले होते का सोळा शुक्रवार?"

खोलीत कुणीतरी खोकलं. बहुधा फरीदा.

"पेशी खऱ्या आहेत," बोकारे म्हणाले. "काम चांगलं आहे. डिग्री देऊन राहिलो मी. पण या एकेचाळीसचं खरं कारण एका ओळीत लिहा, गाइडची सही घ्या, मंगच प्रबंध विद्यापीठात जाईल."

पंधरा तारखेला मला बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, पदवीच्या कागदासकट. त्या दिवशी अकरा तारीख होती. सगळं त्या एका ओळीवर आलं होतं.

परीक्षेनंतर सगळे समोसे खाऊन गेले आणि मामा बशा गोळा करायला लागले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"मामा, तो दसरा आठवतो? तुम्ही शनिवारी चारला येणार होता. रविवारी नऊला आलात. पंचांगात काही होतं का? तिथी लांबली होती, असं काही?"

विज्ञाननिष्ठ माणसाने हे फार आशेने विचारलं, हे मला आज मान्य आहे.

"पंचांगात कुटलं. व्याही आले हुते अवचित. बकरं कापलं. कलेजी व्याह्यांना वाढली, त्यांनी ती मला वाढली, मग बसलोच. गाडी गेली."

"म्हणजे गाडी मिळाली असती तर चोवीस तास?"

"म्याडम दोन दिस म्हणल्या हुत्या. मीच म्हणलं, एक बास झाला, पोरगं येडं हुईल."

मी खुर्चीवर बसलो. "कुठल्या मॅडम?"

मामांनी बशा खाली ठेवल्या. आपण कुणाचं तरी गुपित फोडलंय हे त्यांच्या लक्षात आलं, पण अर्धं फोडून ठेवणं त्यांना बरं वाटेना. "आपल्याच. मला बोलावलं आन म्हणल्या, खुटवड, ह्याला दोन दिस त्या पेटीपासून लांब ठिवायचाय, काय सुचतंय का बघा. मी म्हणलं, परवा खंडेनवमी हाय."

"आणि उत्तरपूजेपर्यंत हत्यार उचलायचं नाही, ते?"

"आमच्यात दुपारी पूजा आन संध्याकाळी त्याच कोयत्यानं वैरण. जनावरं काय दसरा पाळत्यात व्हय, सर?"

मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. त्या प्रबंधाची प्रत पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही वेंगुर्ल्याला नव्हता."

"कोथरूडला होते. श्रीखंड करत होते." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "खुटवड बोलले वाटतं."

"मला सरळ सांगायचं होतंत."

"सांगितलं. रोज मीडियम बदलू नकोस, सांगितलं. सारखं दार उघडू नकोस, सांगितलं. दिवसातून चौदा वेळा उघडायचास, सौमित्र. मी मोजत होते. उघडायचं, डिश काढायची, मायक्रोस्कोपखाली हलवायची, परत ठेवायची. गारठून, हिसके खाऊन सुटायच्या त्या. मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, मेल केली. तू दर वेळी म्हणायचास, हो मॅडम, आणि बघायला जायचास, की मी सांगितल्यावर काही फरक पडला का."

"ओळ लिही," त्या म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच लिहिलं: 'पेशींनी सोडलेली वाढद्रव्ये साठण्यास पुरेसा अवधी मिळावा म्हणून.' इंग्रजीत लिहिलं अर्थात. इथे मराठीत सांगतोय.

"हे आपण तपासलंय?"

"नाही."

त्यांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं: 'साप्ताहिक सुट्टीच्या सोयीनुसार.'

"तुला सुट्टी कधी सोयीची होती?" तेही खोडलं.

"मग काय लिहू? व्याही आले म्हणून?"

"बोकारेंना आवडेल. विद्यापीठाला चालणार नाही."

मी तिसरी ओळ लिहिली, आणि ती लिहिताना, एवढ्या मोठ्या प्रबंधात ज्याला पुराव्याची गरज नाही असं हे पहिलंच वाक्य आहे असं मला वाटलं: 'या काळात संशोधकाला पेशींपासून दूर ठेवण्यात आले.'

मॅडमनी ती वाचली. पुन्हा वाचली. पेनाचं टोपण काढलं. आता हीसुद्धा खोडणार म्हणून मी नवा कागद ओढला. पण त्यांनी काही खोडलं नाही. 'दूर'च्या आधी वरच्या बाजूला, बारीक अक्षरात, 'यशस्वीरीत्या' एवढा शब्द घातला आणि खाली सही केली.